घर क्रमांक ०, १ जूनचा वाढदिवस आणि 'प्रिय नल': रिकाम्या रकान्यात संगणक नेमकं काय लिहितो?

ऑगस्ट २०२५ मध्ये देशभरात एका शून्यावरून वाद पेटला होता.

७ ऑगस्टला लोकसभेतले विरोधी पक्षनेते राहुल गांधी यांनी पत्रकार परिषद घेतली आणि बंगळुरूमधल्या महादेवपुरा विधानसभा मतदारसंघाच्या यादीवर गंभीर आरोप केले. त्यातला एक आरोप पत्त्यांबद्दलचा होता. या यादीत बनावट किंवा अवैध पत्ते असलेले ४०,००९ मतदार आहेत, असा त्यांचा दावा होता. त्याचा पुरावा म्हणून त्यांनी 'घर क्रमांक ०' असं छापलेल्या नोंदी दाखवल्या. पाहता पाहता हे शून्य रील्स, मीम्स आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप्सवर पोहोचलं.

१७ ऑगस्टला मुख्य निवडणूक आयुक्त ज्ञानेश कुमार यांनी उत्तर दिलं. देशात असंख्य घरांना पंचायतीने किंवा पालिकेने क्रमांकच दिलेला नाही, काही लोक पुलाखाली किंवा रस्त्याकडेला राहतात, पण घराला नंबर नाही म्हणून त्यांचा मतदानाचा हक्क जात नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. अशा मतदारांच्या नोंदीत शून्य दिसतं, असं आयोगाने सांगितलं.

राजकारणाचा भाग बाजूला ठेवला, तरी एक प्रश्न उरतो. यादीतलं ते शून्य बघून कोण खरं बोलतंय हे ठरवता येतं का? केवळ शून्यावरून तर नाहीच. कारण 'घराला क्रमांक नाही', 'क्रमांक आहे पण कळला नाही', 'विचारायचं राहून गेलं' आणि 'काहीतरी भरायचं म्हणून भरलं' या चारही गोष्टी छापील यादीत सारख्याच दिसतात. आरोप करणाऱ्याला त्यात घोटाळा दिसतो, उत्तर देणाऱ्याला बेघर मतदार दिसतो. शून्य दोघांनाही साथ देतं.

हा प्रश्न फक्त मतदार यादीचा नाही. जी माहिती उपलब्धच नाही, ती कागदावर किंवा स्क्रीनवर कशी दाखवायची, ही संगणक क्षेत्रातली जुनी डोकेदुखी आहे. तिचा फटका मात्र सामान्य माणसाला बसतो.

रिकामेपणाचे चार प्रकार

समजा, एका अर्जात 'पतीचे / पत्नीचे नाव' असा रकाना आहे आणि तो रिकामा आहे. याचे किती अर्थ निघतात?

१. ती व्यक्ती अविवाहित आहे, म्हणजे हा रकाना तिला लागूच नाही.
२. ती विवाहित आहे, पण तिने नाव सांगितलं नाही.
३. तिने नाव सांगितलं होतं, पण ते टाइप करायचं राहिलं.
४. हा रकाना फॉर्ममध्ये नंतर आला, तिची नोंद आधीची आहे.

चौथा प्रकार महाराष्ट्रात आता बऱ्याच ठिकाणी दिसणार आहे. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आईचं नाव लावणं राज्य सरकारने बंधनकारक केलं. त्याआधीच्या एखाद्या नोंदीत आईच्या नावाचा रकाना रिकामा असेल, तर तो कुणी चूक केली म्हणून नव्हे, तर तेव्हा नियमच नव्हता म्हणून. पण दहा वर्षांनी ती नोंद बघणाऱ्या संगणकाला हे कसं कळणार?

माणूस समोर असला की तो विचारून घेतो. संगणकापुढे फक्त रिकामा रकाना असतो.

संगणकाच्या आत काय असतं?

या रिकामेपणासाठी डेटाबेसमध्ये एक खास खूण असते. तिला 'नल' म्हणतात. नल म्हणजे शून्य नाही आणि कोरी ओळही नाही. 'इथे कोणतंही मूल्य नाही' एवढंच ती सांगते.

आजच्या बहुतेक डेटाबेसचा पाया आयबीएममधले संशोधक एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या कल्पनेवर उभा आहे. पुढे १९९० च्या आपल्या पुस्तकात कॉड यांनी 'माहिती आहे पण मिळालेली नाही' आणि 'माहिती लागूच होत नाही' यासाठी दोन वेगळ्या खुणा असाव्यात, असं सुचवलं. प्रत्यक्षात डेटाबेसमध्ये एकच नल रुळला.

प्रोग्रॅमिंगच्या भाषांमध्येही अशीच खूण असते. ब्रिटिश संगणकतज्ज्ञ टोनी होर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेसाठी ती आणली. २००९ मध्ये लंडनच्या एका परिषदेत त्यांनी या निर्णयाला स्वतःची 'अब्ज डॉलरची चूक' म्हटलं. नलमुळे जगभरात इतके प्रोग्रॅम बंद पडले की नुकसान किमान तेवढं असेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

तरीही प्रोग्रॅमच्या आत असेपर्यंत ही खूण वेगळी ओळखू येते. खरी गडबड ती बाहेर पडताना होते.

मग 'प्रिय नल' कुठून येतो?

अनेकांना कधी ना कधी असा एसएमएस किंवा ईमेल आलेला असतो, ज्यात नावाच्या जागी एन-यू-एल-एल ही चार अक्षरं असतात. हा हॅकिंगचा प्रकार नसतो.

डेटाबेसमधली माहिती माणसाला दाखवायची, तर तिचा मजकूर करावा लागतो. आकड्याचा मजकूर करणं सोपं आहे. तारखेचाही होतो. पण 'काहीच नाही' याचा मजकूर काय करायचा? प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने हे ठरवलं नसेल, तर त्या भाषेचा ठरलेला नियम लागू होतो, आणि प्रत्येक भाषेचा नियम वेगळा आहे.

जावामध्ये 'प्रिय' या शब्दाला रिकामं नाव जोडलं, की 'प्रिय नल' तयार होतं. जावास्क्रिप्टमध्ये कधी 'नल' येतं, कधी 'अनडिफाइन्ड'. पायथॉनमध्ये तिथे 'नन' हा शब्द उमटतो. पायथॉनच्याच पांडाज या लोकप्रिय साधनात हरवलेल्या आकड्याचा मजकूर केला, की 'नॅन' अशी तीन अक्षरं मिळू शकतात. याचा मूळ अर्थ 'ही संख्या नाही'. आकडेशास्त्रासाठी वापरली जाणारी आर ही भाषा फाइल लिहिताना रिकाम्या जागी 'एनए' टाकते.

म्हणजे एकच रिकामा रकाना पाच ठिकाणाहून फिरून आला, तर त्याला पाच नावं पडू शकतात.

त्यात भर म्हणजे सीएसव्ही फाइल. सरकारी पोर्टलवरून डाउनलोड होणारी, एक्सेलमध्ये उघडणारी, स्वल्पविरामांनी रकाने वेगळे करणारी ही साधी मजकूर फाइल. माहितीची देवाणघेवाण मोठ्या प्रमाणात तिच्यावरच चालते. पण या फाइलमध्ये नलसाठी सर्वमान्य खूणच नाही. दोन स्वल्पविरामांमध्ये काही नसेल, तर तो नल आहे की मुद्दाम कोरं सोडलेलं उत्तर, हे फाइल सांगत नाही. वाचणारा प्रोग्रॅम आपापला अंदाज बांधतो.

रिकाम्याचा शब्द झाला की काय बिघडतं?

एसएमएसमध्ये चुकीचं नाव आलं तर हसून सोडून देता येतं. पण तोच मजकूर पुन्हा दुसऱ्या डेटाबेसमध्ये भरला गेला, तर गोष्ट गंभीर होते.

आता तिथे खूण राहिलेली नसते, अक्षरं असतात. संगणकाच्या दृष्टीने 'नॅन' हे 'सीमा' किंवा 'रवी' यांच्यासारखंच एक नाव असतं. किती जणांची नावं नाहीत असं विचारलं, तर उत्तर येतं, शून्य. सगळे रकाने भरलेले. अहवालात शंभर टक्के माहिती पूर्ण दिसते. जी माणसं शोधून त्यांची माहिती घ्यायला हवी होती, ती पूर्ण झालेल्यांच्या यादीत जाऊन बसतात.

याची उलट बाजूही आहे. खरी माहिती रिकामी समजली जाते.

नामिबिया या आफ्रिकी देशाचा आंतरराष्ट्रीय दोन अक्षरी कोड 'एनए' आहे. पांडाज फाइल वाचताना 'एनए' ही अक्षरं दिसली, की ती जागा रिकामी आहे असं आपणहून धरतं. वेगळी सूचना दिली नाही, तर देशांच्या यादीतला नामिबियाचा कोड नाहीसा होतो. तसा इशाराही मिळत नाही.

अमेरिकेत तर याचं बिल एका माणसाच्या दारात आलं. कॅलिफोर्नियातल्या एका सायबर सुरक्षा संशोधकाने गंमत म्हणून गाडीसाठी 'नल' अशी हौशी नंबरप्लेट घेतली. त्यानंतर त्याच्या घरी भलत्याच गाड्यांची चलनं येऊ लागली. ज्या चलनांवर गाडीचा नंबर लिहायचा राहिला होता, ती यंत्रणेत 'नल' या नंबरशी जोडली गेली होती. चलनांची एकूण रक्कम १२,०४९ डॉलरपर्यंत गेली. २०१९ च्या डेफ कॉन परिषदेत त्याने हा किस्सा सांगितला.

हे संगणकामुळेच होतं असंही नाही. १९७९ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका रहिवाशाने हौशी नंबरप्लेटच्या अर्जात आवडीचे दोन शब्द लिहिले आणि ते मिळाले नाहीत तर प्लेट नको, या अर्थाने तिसऱ्या रकान्यात 'नो प्लेट' लिहिलं. त्याला 'नो प्लेट' अशीच प्लेट मिळाली. मग विनाप्लेट गाड्यांवर पोलिसांनी फाडलेल्या पावत्या त्याच्या नावावर जमा होऊ लागल्या.

दोन्ही किस्स्यांमधली चूक एकच आहे. 'माहिती नाही' हे सांगणारा शब्द त्याच रकान्यात लिहिला गेला, जिथे खरी माहितीही लिहिली जाते. कधी ना कधी दोन्हींची टक्कर होणारच होती.

शून्य, वजा ९९९९ आणि पावसाचा हिशेब

शब्दांचं हे झालं. आकड्यांच्या रकान्यात काय होतं?

एका गावात पाच दिवस पर्जन्यमापक आहे. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी अनुक्रमे २०, ३० आणि १० मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी यंत्र बंद होतं. नोंद झालेल्या दिवसांची सरासरी २० मिलिमीटर येते. पण दोन रिकाम्या जागी शून्य भरलं, तर सरासरी १२ वर घसरते. शिवाय दोन दिवस पाऊस पडलाच नाही, अशी खोटी नोंदही तयार होते.

हा फरक कागदी नाही. हवामान आधारित फळपीक विमा योजनेत पावसाचा खंड, जास्त पाऊस, तापमान अशा निकषांवर भरपाई ठरते आणि ते निकष हवामान केंद्रांच्या आकड्यांवरून तपासले जातात. तिथे 'पाऊस शून्य' आणि 'नोंद नाही' यातला फरक म्हणजे बागायतदाराच्या खात्यात पैसे येणार की नाही, यातला फरक ठरू शकतो.

म्हणूनच हवामानशास्त्रात एक विचित्र वाटणारी पण उपयोगी पद्धत आहे. जागतिक दैनंदिन हवामान नोंदींच्या अमेरिकी संग्रहात हरवलेल्या आकड्याच्या जागी वजा ९९९९ लिहिलेलं असतं. वरच्या उदाहरणात एखाद्याने ती खूण न ओळखता सरासरी काढली, तर उत्तर वजा ३,९८७.६ मिलिमीटर येईल. उणे पाऊस पडत नाही हे कुणालाही कळतं, त्यामुळे चूक लगेच पकडली जाते.

शून्य घातलं असतं, तर १२ हा आकडा कुणालाही खटकला नसता. हरवलेल्या माहितीच्या जागी टाकलेली खूण जितकी खरी वाटते, तितकी ती धोकादायक असते.

१ जूनला जन्मलेली पिढी

खरी वाटणाऱ्या खुणेचं सर्वात ओळखीचं उदाहरण महाराष्ट्रात घरोघरी सापडतं.

दरवर्षी १ जूनला फेसबुकवर आणि फॅमिली ग्रुपवर शुभेच्छांचा पूर येतो. काका, आत्या, सासरे, निवृत्त सर, सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी. कारण माहीतच आहे. पूर्वी गावाकडे जन्माची नोंद नसायची. मुलाला शाळेत घालताना गुरुजी अंदाजाने वर्ष ठरवायचे आणि शाळा जूनमध्ये सुरू होत असल्याने, वयाची अट बसेल अशी १ जून ही तारीख टाकून द्यायचे. खरा जन्म आषाढातला की दिवाळीतला, हे आईच्या आठवणीतच राहिलं.

गुरुजींनी जे केलं, ते संगणकाच्या भाषेत 'डीफॉल्ट' मूल्य भरणं होतं. त्यांचा हेतू चांगला होता, मूल शाळेत बसलं. पण 'ही तारीख अंदाजे आहे' अशी खूण दाखल्यावर कुठेच राहिली नाही. पुढे दाखल्यावरून नोकरी, नोकरीवरून सेवापुस्तक, आणि शेवटी निवृत्ती. सरकारी नियमानुसार महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे दरवर्षी ३१ मे रोजी सरकारी कार्यालयांत आणि शाळांमध्ये निरोप समारंभांची रांग लागते. एका रिकाम्या रकान्याने अनेकांच्या नोकरीचा शेवटचा दिवस ठरवला.

नाव एकच, रकाने दोन

असाच प्रश्न परदेशी जाणाऱ्यांनाही भेडसावतो. ज्यांच्या पासपोर्टवर एकच नाव आहे, आडनाव नाही, अशा व्यक्तींच्या अमेरिकी व्हिसावर नावाच्या रकान्यात 'एफएनयू' छापलं जातं. अर्थ, 'पहिलं नाव माहीत नाही'. मग बँक, घरभाडं, ऑफिसचा आयडी अशा एकेका ठिकाणी ही तीन अक्षरं माणसाचं नाव म्हणून उतरत जातात.

नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्या पर्यटकांना प्रवेश देणार नसल्याचं विमान कंपन्यांना कळवलं, तेव्हा अनेक भारतीयांची धावपळ झाली. या लोकांच्या नावात काहीच हरवलेलं नव्हतं. प्रत्येकाला दोन नावं असतात हे गृहीत धरून फॉर्म बनवणाऱ्याने दुसरा रकाना केला आणि तो रिकामा राहिला.

मग योग्य पद्धत कोणती?

यावर उपाय आहेत आणि ते फार महागडेही नाहीत.

पहिला उपाय म्हणजे कारणासाठी वेगळा रकाना. घर क्रमांकाची जागा कोरी ठेवायची आणि शेजारी 'क्रमांक दिलेला नाही', 'बेघर', 'माहिती मिळाली नाही' यातलं एक नोंदवायचं. मतदार यादीत असा रकाना असता, तर ऑगस्टमधल्या वादातल्या निदान पत्त्यांच्या मुद्द्याची तपासणी मोजून करता आली असती. कुठल्या वस्तीत क्रमांक नाहीत, हे स्थानिक पालिकेकडून पडताळता आलं असतं.

दुसरा उपाय खूण जाहीर करण्याचा. पोस्टग्रेस हा डेटाबेस साध्या मजकूर फाइलमध्ये नलसाठी उलटी तिरकी रेघ आणि 'एन' अशी खूण लिहितो. हे सहसा कुणाचं नाव किंवा उत्तर नसतं, आणि खूण काय आहे ते दस्तऐवजात लिहिलेलं असतं. पांडाजमध्येही रिकाम्या जागी काय लिहायचं हे प्रोग्रॅमरला ठरवता येतं. ठरवलं नाही, तर यंत्र ठरवतं.

तिसरा उपाय पडताळणीचा. फाइल लिहून झाली की ती पुन्हा वाचायची आणि रिकाम्या जागा आधी जितक्या होत्या तितक्याच आहेत का, हे मोजायचं. आकडा जुळला नाही, तर वाटेत कुठेतरी रिकाम्याचा शब्द झाला आहे किंवा शब्दाचं रिकामं झालं आहे.

भारतातही याचं चांगलं उदाहरण आहे. २०११ च्या जनगणनेत ज्यांनी धर्म सांगितला नाही, अशा सुमारे २९ लाख लोकांना कुठल्याही धर्मात ढकललं गेलं नाही. 'धर्म नमूद नाही' असा वेगळा गट छापला गेला. वयाच्या तक्त्यांतही 'वय नमूद नाही' अशी ओळ आहे. जे माहीत नाही, ते मोजून सांगितलं गेलं.

आता हे जास्त महत्त्वाचं का?

पुढची, म्हणजे २०२७ ची जनगणना देशातली पहिली डिजिटल जनगणना आहे. प्रगणक मोबाइल अ‍ॅपवर माहिती भरणार आणि नागरिकांना स्वतःची माहिती स्वतः भरण्याचाही पर्याय आहे. कागदावर प्रगणक समासात दोन शब्द लिहू शकायचा. अ‍ॅपमध्ये रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नसेल आणि 'माहीत नाही' हा पर्याय नसेल, तर माणूस काहीतरी भरून पुढे जातो. तिथेच नवा १ जून जन्माला येतो.

दुसरी बाब कायद्याची. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात, ज्या माहितीवरून एखाद्या व्यक्तीबाबत निर्णय घेतला जाणार आहे, ती पूर्ण, अचूक आणि सुसंगत ठेवण्याची जबाबदारी माहिती बाळगणाऱ्या संस्थेवर टाकली आहे. व्यक्तीला आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्कही आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. 'पूर्ण' म्हणजे प्रत्येक रकान्यात काहीतरी असणं, असा अर्थ संस्थांनी काढला, तर कायदा पाळूनही चुकीची माहिती वाढेल. न कळलेल्या गोष्टीला 'कळलेली नाही' असं नोंदवणं, हासुद्धा अचूकतेचाच भाग मानावा लागेल.

तुम्ही काय तपासू शकता?

मतदार यादीतली स्वतःची नोंद एकदा उघडून घर क्रमांक आणि नातेवाइकाचं नाव बघा. चूक असेल तर फॉर्म ८ भरून दुरुस्ती मागता येते. आधार, पॅन, शाळेचा दाखला आणि बँक यात जन्मतारीख आणि नावाची रचना सारखी आहे का ते पाहा. विमा, शिष्यवृत्ती किंवा अनुदानाचा अर्ज भरताना एखादा रकाना लागू नसेल, तर शून्य, टिंब किंवा रेघ टाकण्याआधी त्या फॉर्मच्या सूचनांमध्ये काय लिहायला सांगितलं आहे ते वाचा.

आणि पुढच्या वेळी एखाद्या यादीतलं शून्य व्हायरल झालं, तर फॉरवर्ड करण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा. हे शून्य कुणीतरी मोजून लिहिलंय, की तिथे लिहायला दुसरं काहीच नव्हतं?